कनातीला टेकलेली पाठ

१

दुर्गाबाई पाठ टेकून बसल्यात, असं मंजुषानं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. ती सून म्हणून भंडाऱ्याच्या त्या घरात आली तेव्हा पुढच्या खोलीत अजून माग खटखटत होता. सासरे मधुकरराव खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे आणि सासूबाई बाजूला चरख्यापुढं मांडी घालून कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात घालायच्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. भिंत हातभर अंतरावर असायची, पण मागं सरकून तिला टेकावं हे त्यांच्या मनातच येत नसे. पुढं माग मोडला, मंजुषाच्या नवऱ्यानं, धर्मेंद्रनं, कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान काढलं, घरात सोफा आला. त्या सोफ्यावरही त्या काठाशीच बसत.

"आई, टेका ना जरा," मंजुषा म्हणायची.

"सवय नाही वं मले," त्या म्हणायच्या.

संक्रांत झाली की लग्नाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दुकानात थोडे सैल दिवस असतात. त्या दिवसांत धर्मेंद्रनं सगळ्यांना तंबूत राहायला न्यायचं ठरवलं. साकोलीच्या पुढं, एकोडीहून आत जंगलात पळसबोडीचा तलाव आहे. त्याच्या काठावर वनखात्यानं राहायला तंबू उभारले होते. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला मोबाइलवर फोटो दाखवले होते.

"घर हाय ना आपलं," दुर्गाबाई म्हणाल्या, "मंग कापडात कायले झोपाचं?"

पण त्या आल्या. डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन, अंगावर नवी शाल घेऊन आल्या. कारध्याचा पूल ओलांडताना त्यांनी नेहमीसारखे वैनगंगेला हात जोडले. लाखनी गेलं, साकोली गेलं, धान कापलेली मोकळी बांध्यांची शेतं गेली आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऐन नि मोह उभे राहिले.

तलाव मोठा होता. पाणी इतकं निश्चल, की पलीकडचं झाड आणि त्याची सावली यांतलं खरं कोणतं ते क्षणभर कळू नये. "पलीकडला काठ गोंदिया जिल्ह्यात जाते," तिथली देखभाल करणारा तेजराम गाडीतून सामान उतरवताना म्हणाला. "आपली हद्द पाण्यातूनच गेली."

मुक्कामाला दुसरं कोणीच नव्हतं. आदल्या रात्रीचे पाहुणे सकाळीच निघून गेले होते. "दोन दिवस राहणार होते ते," तेजराम म्हणाला, "पण गेले. काई बोलले नाही." त्यानं त्यांना काठाजवळचे दोन तंबू दिले. जाड खाकी कापडाचे, लोखंडी पाइपांवर ताणलेले, चारी बाजूंनी कनाती, म्हणजे कापडी भिंती. एक म्हाताऱ्यांना, एक या दोघांना.

२

दुपारी बाप-लेक तलावाच्या पाळीवरून बदकं बघायला गेले. दुर्गाबाई मोहाच्या झाडाखाली खुर्चीच्या काठावर बसून वांगी चिरत होत्या. मंजुषा म्हाताऱ्यांच्या तंबूत गाद्या घालायला शिरली.

आत खाकी उजेड होता, कापडाचा तापलेला वास होता. तिनं चादर झटकली, आणि तेव्हा तिला दिसलं, की मागची कनात आत आलेली आहे. खाली रुंद, वर जाताना निमुळती होत गेलेली, आणि मधोमध एक उभी खोलगट रेघ. बाहेरून कोणीतरी कनातीला पाठ टेकून बसलं होतं.

बाबा परत आले वाटतं, तिला वाटलं. फिरून दमले असतील, मागं सावली आहे, बसले असतील तिथं.

"बाबा, चहा ठेवू का?"

उत्तर आलं नाही. ते कानानं थोडे कमी होते. ती गादी कनातीला सरकवायला वाकली आणि तिचा हात त्या फुगवट्यावर टेकला. कापडाखाली पाठ होती. उबदार. बरगड्या हळूच वर येत होत्या, खाली जात होत्या. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. सासऱ्यांच्या पाठीला आपला हात लागला याचीच तिला लाज वाटली. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, आता काय म्हणावं याचा विचार करत.

तेवढ्यात लांबून, पार पाळीच्या टोकाकडून मधुकररावांचा आवाज आला. ते धर्मेंद्रला काहीतरी दाखवत होते.

मंजुषानं कनातीकडं पाहिलं. बरगड्या वर आल्या. खाली गेल्या.

ती बाहेर आली आणि तंबूला वळसा घालून मागं गेली. मागं कोणी नव्हतं. सुकलेलं गवत होतं, मोहाची पानं पडली होती. कनात मात्र आत दबलेली होती, गादीवर कोणी बसून उठल्यावर जसा खळगा राहतो तशी. फरक एवढाच, की तो खळगा भरून येत नव्हता.

३

कापड तिला नवं नव्हतं. कापड ओलं होऊन सुकलं की आखडतं, दोऱ्या कमीजास्त ताणल्या की ओढ बसते, हवा आतून तापली की हलतं. ऊब तर असणारच, दिवसभराचं ऊन होतं. आणि श्वास? श्वास तिचा स्वतःचा असेल. कानाशी हात नेला की नाही का आपलंच रक्त वाजतं.

तिनं तेजरामला बोलावलं. "ही बाजू आत काहून आली?"

त्यानं पाहिलं, एक दोरी सोडून परत बांधली. कनात सरळ झाली. "वाऱ्यानं होते," तो म्हणाला. वारा नव्हता, हे दोघांनाही दिसत होतं. तो निघून गेला.

मंजुषा चहाचा कप घेऊन पुन्हा आत गेली. मनातली शंका मिटवायची तर एकदा नीट तपासून बघावं, म्हणून. कनात आता सरळ होती. ती तिच्याकडं पाठ करून बसली आणि हळूच मागं रेलली.

आधी नुसतं कापड लागलं. मग कापडाला आधार आला. कोणी पलीकडून सावकाश, अगदी बेतानं मागं सरकून तिच्या पाठीला पाठ लावावी तसा. तिनं झटकन उठायला हवं होतं. पण तो आधार नेमका तिथंच लागला होता जिथं तिची कंबर दुकानातल्या स्टुलावर बसून रोज संध्याकाळी भरून येई. तिला इतकं बरं वाटलं की डोळे आपोआप मिटले. मागचा श्वास लांब होता. तिचाही लांब होत गेला. एवढं बसून मग उठू, असं तिनं मनाशी म्हटल्याचं तिला आठवत होतं.

"मंजू! अवं मंजू! किती वेळची आवाज देऊन राहिली मी?"

दारात दुर्गाबाई उभ्या होत्या. तंबूतला उजेड बदलला होता. मंजुषाच्या हातातल्या चहावर साय धरली होती, आणि पायाला इतक्या मुंग्या आल्या होत्या की तिला हातांवर रांगत बाहेर यावं लागलं. बाप-लेक कधीच परत आले होते. धर्मेंद्र हसला. "तू त आईपेक्षा म्हातारी झाली. बसल्या बसल्या झोपली."

४

"आई, तुम्ही आमच्या तंबूत झोपा," जेवताना ती म्हणाली. "तिकडची गादी जाड आहे."

"एका रातीसाठी कायले बदलवाचं?" दुर्गाबाई म्हणाल्या.

तिनं धर्मेंद्रला बाजूला घेऊन सांगून पाहिलं. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. कनात, पाठ, श्वास. त्यानं मात्र तिची टिंगल केली नाही. टॉर्च घेऊन तो तंबूमागं गेला, चहूकडून फिरला, कनातीवर थाप मारली. कापड ढोलासारखं ताठ वाजलं. "पाह्य, काई नाही. गाईगुरं येत असतील इथं चराले. गाय टेकली असन." गाय. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. गाय उबदार असते, गाईचा श्वास लांब असतो, आणि गाय उठून जाऊ शकते. तिनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

शेकोटी विझायला आली तेव्हा ती सासूबाईंना पाण्याचा तांब्या द्यायला गेली. मधुकरराव झोपले होते. कंदिलाच्या उजेडात दुर्गाबाई गादीवर पाय पसरून बसल्या होत्या. पाठ टेकून. मान मागं टाकून. त्यांचे खांदे उतरले होते. ते खांदे एवढी वर्षं वर उचललेले होते, हे मंजुषाला ते उतरल्यावरच कळलं.

"आई, झोपा ना आडव्या."

"झोपतो. थोडं बसू दे." त्यांचा आवाज मऊ झाला होता. "किती बरं वाटून राहिलं वं. असं कधी वाटलं नाही मले."

मंजुषा दारात उभी राहिली. त्यांचा हात धरून त्यांना ओढून बाहेर काढावं असं तिला वाटलं. पण म्हणायचं काय? जन्मभर न टेकलेल्या बाईला, आज टेकू नका म्हणून सांगायचं? तिनं तांब्या ठेवला आणि ती परत गेली. त्या रात्री तिला झोप लागणार नाही असं तिला वाटलं होतं. ती लागली, आणि गाढ लागली.

५

सकाळी तलावावर धुकं होतं. तंबूपुढं मधुकरराव उभे होते, पायात चपला नव्हत्या.

"हे उठून नाही राहिली," ते म्हणाले. "रातभर बसूनच होती. मी म्हटलं झोप, त हो म्हणे. आता उठ म्हणतो, त नाही म्हणते."

दुर्गाबाई रात्री होत्या तशाच बसलेल्या होत्या. चेहरा शांत होता, डोळे उघडे होते. पण ओठ सुकून फुटले होते आणि गाल आत गेले होते. एका रात्रीत जाणार नाहीत एवढे. मांडीवरचे हात उताणे पडले होते.

"आई, चला," धर्मेंद्र वाकून म्हणाला. "तोंड धुवा. चहा झाला."

"नाही रे बाबू."

"काहून? दुखून राहिलं का कुठं?"

"काई दुखत नाही." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, लेकराची समजूत घालावी तसं. "मी उठली त तो पडन."

मधुकरराव म्हणाले, "कोण पडन वं?"

"थकला हाय तो. माझ्यावरच टेकून हाय रातभर."

धर्मेंद्रनं त्यांचे दोन्ही हात धरून ओढलं. आधी हळू, मग जोरानं. त्यांचे हात लांब झाले, मान पुढं आली, पण पाठ कनातीपासून सुटली नाही. त्यांना दुखलं असावं. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण तोंडातून आवाज काढला नाही. तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. "लकवा मारला असन," तो मंजुषाला म्हणाला. "अंग कडक झालं. साकोलीले दवाखान्यात नेऊ." ते शब्द धरून त्याला बरं वाटलेलं तिला दिसलं. काल तिनं गाय धरली होती, तसंच ते होतं.

६

मोबाइलला तिथं रेंज नव्हती. तेजराम म्हणाला, तंबूच काढून टाकू, म्हणजे गाडी पार जवळ लावता येईल आणि चौघांना मिळून उचलता येईल. ते बरोबर होतं. काहीतरी करायचं मिळालं म्हणून सगळे भराभर कामाला लागले.

खुंट्या उपटल्या. दोऱ्या सोडल्या. तेजराम आणि धर्मेंद्र यांनी छत उचलून दुर्गाबाईंच्या डोक्यावरून पलीकडं नेलं. मग पाइप काढले, आणि कनाती एकेक करून खाली आल्या. शेवटची मागची. ती सैल झाली आणि घसरून गवतावर सपाट पडली. पुरती सपाट. तिच्याखाली काही नव्हतं, तिच्यावर काही नव्हतं.

दुर्गाबाई तशाच होत्या. धुकं विरत होतं, ऊन येत होतं, आणि त्या स्वच्छ उजेडात त्या मोकळ्या मैदानावर पाय पसरून मागं रेललेल्या होत्या. पाठीमागं गवत, गवतापलीकडं झाडं. एवढं मागं कलून माणूस आधाराशिवाय बसू शकत नाही. त्यांच्या पातळाचा पदर पाठीशी दाबलेला होता, दोन अंगांमध्ये दाबल्यासारखा चुरगळलेला.

तेजरामच्या हातात एक खुंटी होती. त्यानं ती हळूच खाली ठेवली, आवाज होऊ नये अशी. मग तो मागं मागं सरत आवाराच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला, आणि तिथून पुढं आला नाही. मधुकरराव गाडीला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

"मंजू," धर्मेंद्र म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "काय करू सांग."

तिलाही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की सासूबाईंच्या गळ्याखालची शीर आता फार सावकाश उडते आहे. आणि त्यांचा श्वास लांब होत चालला आहे, खूपच लांब.

"तू पुढून धर," ती म्हणाली. "मी मागून सोडवते."

७

ती त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात त्यांच्या पाठीमागं घातले. पुस्तकाच्या पानांत बोटं घालावीत तसे. तळवे आईंच्या पाठीकडं आणि हातांच्या मागच्या बाजू पलीकडं. तिथं ती दुसरी पाठ होती. आज मध्ये कापड नव्हतं. कातडी होती, उबदार, किंचित दमट, आणि कण्याचे मणके एकाखाली एक. माणसाला असतात त्याहून ते जास्त होते असं तिला वाटलं, पण तिनं मोजले नाहीत.

"ओढ," ती म्हणाली.

धर्मेंद्रनं ओढलं. तिनं हात रेटले. दुर्गाबाईंची पाठ केसभर सुटली, मग बोटभर. त्या कण्हल्या, कालपासून पहिल्यांदा. सुटतंय, मंजुषाला वाटलं, सुटतंय.

आणि तिच्या हातांमागची पाठ हलली. मणके डावीकडं सरकले. त्यांच्या जागी खांद्याचं पातं आलं, त्याची कड तिच्या बोटांवरून घासत गेली, मग दंडाचा गोल भाग. ते पडत नव्हतं. ते वळत होतं.

मंजुषानं विचार केला नाही. विचार करायला वेळ असता तर तिनं तसं केलं असतं की नाही, कोण जाणे. तिनं हात काढले, गर्रकन फिरून आईंना खेटून जमिनीवर बसली आणि सगळा जोर लावून स्वतःची पाठ त्याच्यावर रेटली.

वळणं थांबलं. सावकाश, नाइलाजानं, जसं काही तेही दमलेलं होतं, ते परत जागेवर आलं. त्याचे मणके तिच्या मणक्यांना लागले. दुर्गाबाई मोकळ्या झाल्या आणि धर्मेंद्रच्या अंगावर कोसळल्या.

"ने त्यांना," ती म्हणाली. "गाडीत ठेव. पाणी पाज."

"अन् तू?"

"आधी त्यांना ने."

८

त्यानं आईला उचलून नेलं. मंजुषाला सगळं नीट दिसत होतं. गाडीचं मागचं दार उघडलं गेलं, मधुकररावांनी आत बसून दुर्गाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. बाटलीतलं पाणी त्यांनी बोटानं त्यांच्या ओठांना लावलं. दुर्गाबाईंनी मान हलवली. त्या रडत होत्या, आवाज इथवर येत होता. जगतील. ते पाहून मंजुषाला खूप समाधान वाटलं, आणि लगेच तिच्या ध्यानात आलं, की त्या समाधानातलं सगळंच तिचं नव्हतं.

पुढं तलाव होता. धुकं पार गेलं होतं. कंबरेतली जुनी कळ थांबली होती, आणि मागचा श्वास लांब चालला होता. उठायला हवं, तिनं मनाशी म्हटलं. पायांना सांगितलं. पाय पुढं पसरलेले होते, कोणाचे तरी पाय बघावेत तसे ती ते बघत होती. उठलं तर ते वळेल. नाही उठलं तर? तिनं ओरडायचं ठरवलं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "थांब जरा."

धर्मेंद्र गाडीचं दार लावून तिच्याकडं निघाला होता. भरभर चालत, मग पळत. तो हात पुढं करूनच येत होता, तिला धरून ओढायला. तो आला की दोघं मिळून बघू, तिला वाटलं. तो आला की झालं.

अर्ध्या वाटेवर तो थांबला.

तो तिच्याकडं बघत नव्हता. तो तिच्या डोक्याच्या थोडं वर बघत होता.

"धर्मेंद्र," ती म्हणाली, "ये ना."

तिच्या पाठीवरचा भार कमी होऊ लागला होता. आधी खांद्यांमधला, मग कंबरेचा. मागं गवत करकरलं, खूप वेळ एका जागी बसलेलं कोणी उठताना करकरावं तसं. ऊब निघून गेली आणि तिथं थंड हवा लागली. तिला वळून बघता येत नव्हतं. ती तशीच मागं रेललेली होती, कशालाही न टेकता, आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती, कारण तिला दिसण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

धर्मेंद्रची नजर हळूहळू वर गेली. मान मागं झुकली. त्यानं एक पाऊल मागं घेतलं, मग आणखी एक. आणि त्याची नजर अजून वरच चालली होती.